शुद्ध मिठाचा आकडा

मॅडम, आज सकाळी पुन्हा तुमच्या नावानं मेल आला. तुमच्या लेखाचा संदर्भ एका नव्या लेखात घेतला गेला आहे, आणि त्याबद्दल तुमचं अभिनंदन.

तुम्हाला जाऊन अजून महिना झालेला नाही. पण हे मेल यंत्र पाठवतं, त्याला कोण सांगणार? पडद्यावरची बारीक अक्षरं तुम्हाला दिसेनाशी झाल्यापासून तुमचे मेल मीच वाचून दाखवत होते. पासवर्ड तुम्हीच दिलात, आणि तो परत घ्यायला आता तुम्ही नाही. म्हणून मी अजून उघडते. उघडू नये असं वाटतं, तरी उघडते.

तो नवा लेख मी शोधून काढला. कुठल्यातरी दूरच्या किनाऱ्यावर मासे वाळवायचं यंत्र बनवलंय, त्याबद्दल आहे. दुसऱ्याच पानावर तुमचं वाक्य सापडलं. मिठात खारवून सुकवलेला मासा हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या आत असेल तोवर हवेतून पाणी ओढत नाही. पुढे कंसात तुमचं नाव. ते वाचताना वाटलं, तुम्ही खुर्चीच्या मागे उभ्या आहात. मी काही वाचत असले की तुम्ही तशाच उभ्या राहायचात, आणि मान दुखेपर्यंत मी मागे वळून बघायची नाही. आजही वळले नाही.

शोकसभेत सगळे बोलले. किती लेख छापून आले, कुठल्या मोठ्या संस्थेतली नोकरी सोडून तुम्ही रत्नागिरीला परत आलात, उष्मागतिकीसारखा विषय किती सोपा करून शिकवलात. मलाही बोलायला सांगितलं होतं. मी उठलेसुद्धा, माइकपर्यंत गेले आणि परत येऊन बसले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. गेलेल्या माणसाबद्दल कसं बोलायचं हे घरी पाहिलंय, तिथं बायका मोठ्यानं रडत रडतच सगळं सांगतात. माइकसमोर ते कसं करायचं मला कळलं नाही. शिवाय मला तुमच्याबद्दल बोलायचं नव्हतंच. तुमच्याशी बोलायचं होतं. आपलं बोलणं अर्धं राहिलंय.

दुसऱ्या वर्षी तुमचा पहिला तास आठवतो. तुम्ही फळ्यावर काही लिहिलंच नाहीत. विचारलंत, "पावसात घरातलं मीठ ओलं का होतं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "हवेत पाणी जास्त झालं की हवा ते मिठाला देते."

"देते? हवेनं मिठाला काय म्हणून द्यावं? नात्यातली आहेत की काय दोघं?"

सगळे हसले. मी म्हटलं, "माहीत नाही, मॅडम."

"छान. माहीत नाही म्हणणारी एकजण तरी आहे. बस खाली, आता दोघी मिळून शोधू."

'दोघी मिळून' हे मी घरी जाऊन आईला सांगितलं होतं. आईनं विचारलं, "म्हणजे तिलापण येत नाय?"

मग त्या वर्षभरात तुम्ही शिकवलंत की पाणी एका जागी ठरून बसत नाही. हवेतून मिठात जातं, मिठातून हवेत येतं. जितकं जातं तितकंच यायला लागलं की त्याला समतोल म्हणायचं. "समतोल म्हणजे शांत झालं असं समजू नका," तुम्ही सांगायचात. "ये-जा चालूच असते. फक्त बाहेरून दिसत नाही." परीक्षेत मी हे लिहिलं आणि मला पूर्ण गुण मिळाले. त्याचा अर्थ आता कुठे कळतोय असं वाटतं. रोज तुम्ही जाता आणि रोज येता, आणि बाहेरून मी बरी दिसते.

प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत तुमच्या काचेच्या बरण्या अजून तशाच आहेत. तळाशी वेगवेगळ्या क्षारांचं दाट पाणी, म्हणजे प्रत्येक बरणीत हवेचा ओलावा ठरलेला. वर जाळीवर खाऱ्या बांगड्याचा तुकडा. बुरशी धरू नये म्हणून बाजूला छोट्या कुपीत थायमॉल, त्याचा वास थेट ओव्यासारखा. मासा आणि ओवा मिळून खोलीला असा वास यायचा की शिपाईकाका एकदा दारातूनच ओरडले होते, "मॅडम, वरून साहेब विचारतायत, आज कालवण कसलं?" तुम्ही म्हणालात, "सांगा त्यांना, भात घेऊन या." आता ते काका त्या खोलीवरून जाताना चपला हातात घेतात. मी विचारलं तर म्हणाले, "सवय गो. बाई वजन करत असल्या की हादरा चालायचा नाय."

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तुम्ही मला तुमचाच जुना प्रयोग दिलात. तुमचं सगळ्यात गाजलेलं काम. मी घाबरले. तुम्ही म्हणालात, "छापून आलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायची सवय लागण्याआधी ती एकदा स्वतः करून बघ." बांगडे खारवायला कॉलेजात परवानगी नव्हती, म्हणून ते काम आमच्या घरी, आईकडे. तुम्ही प्रयोगशाळेतलं पांढरं, पिठासारखं शुद्ध मीठ मोजून बाटलीत भरून दिलंत.

आणि माझे आकडे जमेनात. तुमच्या लेखाप्रमाणे सत्तर टक्क्यांच्या बरणीतला मासा कोरडा राहायला हवा होता. माझा त्याहून कितीतरी कमी ओलाव्याच्या बरणीतही पाणी ओढून वजन वाढवत होता. मी दोनदा सगळं नव्यानं केलं. तराजू तपासला. बरण्यांच्या झाकणांना पुन्हा ग्रीस लावलं. वाटलं, मला हे झेपणारं नाही, आपल्या हाताला हे काम नाही. शेवटी वही तुमच्यासमोर ठेवली.

तुम्ही वही बाजूला सारलीत. जाळीवरचा तुकडा उचललात, प्रकाशात धरलात, आणि सरळ जिभेला लावलात! आम्हाला प्रयोगशाळेत पाणी प्यायचीही बंदी करणाऱ्या तुम्ही.

"कडू लागतोय," तुम्ही म्हणालात. "तुझ्या आईला फोन लाव."

तो फोन मी जन्मात विसरणार नाही. आई स्पीकरवर, मागे कोंबड्या ओरडत होत्या.

"वहिनी, मी दिलेलं मीठ लावलंत ना माशाला?"

"लावलं की."

"तेवढंच लावलंत?"

आईनं आधी कोंबड्या हाकलल्या. मग म्हणाली, "बाई, रागावू नका. एवढुशा मिठात बांगडा टिकतो होय? ते पण पिठीसाखरेसारखं. मासा हाय तो, पेढा नाय. पोरीची परीक्षा, मासा कुजला तर काय तोंड दाखवणार, म्हणून पिंपातलं खडेमीठ घातलं वरून."

"किती?"

"घातलं दोन ओंजळी. पोरीला नाय सांगितलं, ती ओरडते."

मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. तुम्ही मात्र हसायला लागलात. खुर्चीत बसून, चष्मा काढून, डोळे पुसत हसलात. आई तिकडून विचारत होती, "काय झालं? नापास केलं काय तिला?"

आणि मग तुमचं हसणं मध्येच थांबलं. ते थांबलेलं मला अजून दिसतं.

मला तुम्ही हळूहळू समजावलंत. समुद्राच्या पाण्याचं खडेमीठ म्हणजे नुसतं मीठ नव्हे. त्यात मॅग्नेशियमचे क्षार राहतात. तेच कडू लागतात, आणि ते साध्या मिठापेक्षा खूप आधी हवेतलं पाणी ओढतात. पंचाहत्तर हा आकडा शुद्ध मिठाचा. तुम्ही तुमच्या प्रयोगासाठी सगळे मासे स्वतः शुद्ध मिठात खारवले होते, म्हणजे काम स्वच्छ व्हावं म्हणून. आणि या किनाऱ्यावर शुद्ध मिठात कुणी मासा खारवत नाही.

"माझं चुकलं नाही ना मग?" मी विचारलं. मला तेवढंच कळायचं होतं.

"तुझं नाही," तुम्ही म्हणालात. "तू हमीदाला ओळखतेस का?"

ओळखते का! आमच्याकडे कुणी दार उघडं टाकून गेलं की आई ओरडते, "हमीदाचं दार हाय काय ह्ये?" खाडीपलीकडच्या वाडीपासून आमच्या वाडीपर्यंत सगळ्या घरांत असंच म्हणतात. मी लहानपणापासून ऐकत आले. ही हमीदा खरी बाई आहे, आणि ती अजून तिथं मासे वाळवते, हे मला मोठेपणी कळलं. ते दार कुठलं, हे तुम्ही त्या दिवशी सांगितलंत.

तुमचा लेख छापून आल्यावर तुम्ही त्या वाडीतल्या बायकांच्या गटाबरोबर सुक्या माशांसाठी एक खोली उभी केली होती. पावसाळाभर माल त्यात राहील, म्हणजे पावसाआधी पडेल भावाला विकायला नको. भिंतीवर ओलावा मोजायचा काटा, कोपऱ्यात हवा कोरडी करणारं यंत्र. काटा सत्तरच्या वर जाऊ द्यायचा नाही, एवढंच तुम्ही सांगितलं होतं. किल्ली हमीदाचाचीकडे. काटा कधीच वर गेला नाही असं ती सांगत राहिली. तरी श्रावणात विकायला पोती सोडली तेव्हा माल मऊ पडला होता, बुरशी धरली होती. तुम्हाला बोलावलं. सगळ्या बायका जमल्या होत्या. तुम्ही काटा पाहिलात, यंत्र पाहिलंत, दोन्ही ठीक. मग म्हणालात, "दार उघडं राहिलं असणार."

एवढंच. रागावून नव्हे, तुमच्या नेहमीच्या आवाजात. पण तुम्ही शिकलेल्या, तुमचं छापून आलेलं. चाचीकडून किल्ली काढून घेतली. गट मोडला. आणि ते दार वाडीवाडीत बोलण्यात शिरलं.

"मी दार उघडं पाहिलं नव्हतं," तुम्ही मला म्हणालात. "माझा आकडा बरोबर होता, म्हणून दारच उघडं असायला हवं होतं."

त्यानंतर आपला वाद सुरू झाला. नवा लेख लिहायचा ठरला, माझं नाव पहिलं, तुमचं दुसरं. मी लिहिलं, 'आधीचे निष्कर्ष स्थानिक मिठाच्या बाबतीत पूर्णपणे लागू होत नाहीत.' तुम्ही ते वाक्य लाल शाईनं खोडलंत. वर लिहिलंत, 'चुकीचे होते.'

मी म्हटलं, "मॅडम, पण ते चुकीचे नाहीत. शुद्ध मिठाला पंचाहत्तर बरोबरच आहे. कुणीही मोजून बघावं."

"शुद्ध मीठ इथं कोण खातं?"

"तरी आकडा बरोबर आहे."

"मी लेखात 'खारवलेला मासा' असं लिहिलंय. शुद्ध मिठातला मासा असं नाही लिहिलं. इथल्या बायका जो खारवतात तोच, असं वाचणाऱ्याला वाटतं. मलाही तसंच वाटलं होतं. म्हणून चूक."

मला ते पटत होतं आणि पटत नव्हतं. अजूनही तसंच आहे. तुमच्या हातात माझ्या लेखाचा कागद होता आणि माझ्या डोळ्यांसमोर तो पहिला तास होता. ज्यांनी मला बोलायला शिकवलं त्यांच्याबद्दल माझं पहिलं छापलेलं वाक्य हे असावं? मी रडकुंडीला आले. म्हटलं, "तुम्हाला लिहायचं तर तुम्ही लिहा. माझ्याच्यानं नाही होणार."

"नाव पहिलं तुझं आहे. लिहायचं तूच. आणि छापून आलं की आपण चाचीकडे जायचं, तिथं मी बोलेन. ते माझं काम." दार ओढून घेताना तुम्ही पुन्हा डोकावलात. "आधी जाण्यात अर्थ नाही. नुसतं तोंडी सांगितलं तर लोक म्हणतील, बाई म्हाताऱ्या झाल्या, मायेनं बोलतायत."

तो आपला शेवटचा वाद. चार दिवसांनी सकाळी भाट्याच्या पुळणीवरून फिरून आलात, अंगणात पाय धुतलेत आणि तिथेच बसलात, असं तुमच्या भावानं सांगितलं. हृदय. मी पोचले तेव्हा पायांवरची वाळू अर्धीच धुतलेली होती.

मॅडम, तुम्ही गेलात तरी तो आकडा गेला नाही. तो चालतोय. तुमच्यानंतर जितके मेल आले, तितक्या ठिकाणी कुणीतरी तुमचं नाव घेऊन पंचाहत्तर लिहिलंय. कुणी त्यावर खोली बांधेल. एखाद्या बाईच्या हातात किल्ली देईल. मला झोपेत दारं दिसतात. कुठली ते कळत नाही, नुसती दारं, आणि त्यांच्यासमोर उभ्या बायका. तुमचा चांगुलपणा माझ्यापाशी इतका आहे की सांगता येत नाही. फी भरायची मुदत टळू नये म्हणून तुम्ही स्वतः कार्यालयात रांगेत उभ्या राहिलात, माझं इंग्रजी दुरुस्त करताना एकदाही हसला नाहीत. तरी मला तुमची भीती वाटते. जिवंत असताना कधी वाटली नाही.

आपला नवा लेख मासिकाकडे अजून पाठवलेला नाही. ते एक वाक्य सोडलं तर सगळं झालंय. ते लिहायला बसले की तुमची लाल शाई दिसते. वाटलं, आधी चाचीला भेटावं. छापून यायची वाट बघण्यात माझी काही महिन्यांची सोय होती, चाचीची नव्हती. तुमच्या वतीनं बोलायचा हक्क मला आहे का, हे माहीत नव्हतं. काल गेले.

पाऊस उघडलाय, वाळवण सुरू झालंय. चाची काठीवर बोंबील टांगत होत्या. माझ्या ओळखीच्या कितीतरी आज्यांसारख्याच, बारीक, डोक्यावर पदर, बोटांना मिठाच्या चिरा. मी कोण ते सांगितलं.

"बाईंची पोरगी तू? गेल्या ना बाई. चांगल्या होत्या. बस, चाय पितेस?"

मी बसले नाही. उभ्यानंच सगळं सांगायला लागले, मीठ, मॅग्नेशियम, बरण्या. त्या टांगत राहिल्या. मी म्हटलं, "चाची, तुमच्यामुळे माल खराब झाला नव्हता. बाईंचा आकडाच आपल्या मिठाला बसत नव्हता. त्या स्वतः येऊन सांगणार होत्या."

त्यांचा हात थांबला. मला वाटलं, रडतील, नाहीतर रागावतील. मी दोन्हींसाठी तयार होते.

"नाय गो," त्या म्हणाल्या, अगदी समजूत घातल्यासारख्या. "दार उघडंच होतं. सांजेला मी घाईनं घरी गेले, नातू रडत होता. कडी नाय लावली. मला चांगलं आठवतंय."

"चाची, दार उघडं असतं तर काटा वर गेला असता. तुम्हीच सांगत होतात, काटा वर गेला नाही म्हणून."

"ते तेव्हा सांगत होते."

"मग आता?"

"आता आठवतंय ना." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "पयले नव्हतं आठवत. सगळ्या म्हणायला लागल्या तेव्हा मी पण रोज आठवून बघायचे, कडी लावली का नाय, लावली का नाय. मग एक दिवस आठवलं. कडी लोंबतेय, आतून अंधार दिसतोय, सगळं दिसतं मला."

यात मोजून दाखवता येईल असं काही नव्हतं. तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात, मॅडम? मी तिथं उभी राहून खरंच वाट बघत होते, तुम्ही मागून काहीतरी बोलाल म्हणून. तुम्ही बोलला नाहीत.

म्हणून मीच बोलले. मी म्हटलं, "चाची, बाईंचं चुकलं होतं." 'लागू होत नाही' असं काही माझ्या तोंडी आलंच नाही. चाचीसमोर तो शब्द उच्चारताच येण्यासारखा नव्हता. "बाईंचं चुकलं होतं. मी मोजलंय. दार बंद होतं."

चाची खाली बसल्या. टोपलीतला एक बोंबील उगाच सरळ करत राहिल्या. मग म्हणाल्या, "शुक्रवारी सगळ्या जमतात इथं, मिठाच्या वाटणीला. तेव्हा येशील? हेच बोल. असंच, मोठ्यानं."

"येईन."

"दोनदा बोल," चाची म्हणाल्या. "मी पण ऐकते."

घरी येऊन मी लेख उघडला आणि ते वाक्य लिहिलं. चुकीचे होते. खाली दोन नावं, माझं आणि तुमचं. वाद तुम्ही जिंकलात, मॅडम. लेख पाठवून दिला. आता शुक्रवारी तुमचं काम करायला मी जाणार आहे. आई म्हणाली, मी पण येते, ते 'हमीदाचं दार' माझ्या तोंडून फार गेलंय. मला भीती वाटतेय. त्या सगळ्याजणी माझ्याहून मोठ्या आहेत, आणि माझा आवाज अजून माइकशिवायही फुटत नाही. तरी दोनदा बोलेन. पहिल्यांदा त्यांच्यासाठी. दुसऱ्यांदा चाचीकडे बघून, सावकाश, म्हणजे त्यांना कडी लावलेली आठवायला वेळ मिळेल.